सकाळचा पहिला सेल्फ आणि ती दोन सेकंदांची खडखड

सेकंडहँड मोटरहोम घेतलेल्या वाचकांची पत्रं हल्ली बरीच येतायत आणि फिरून फिरून गाडी एकाच विषयावर येतेय, टायमिंग चेन. म्हणून या वेळचं सगळं सदर तिलाच दिलंय. प्रश्न थोडे छोटे केलेत, उत्तरं जिथे लांबली तिथे लांबू दिलीत.

प्रश्न : दादा नमस्कार. अकरा वर्षं जुनी मोटरहोम घेतली, डिझेल आहे, फक्त ५२,००० किमी चाललेली. विकणारा म्हणाला चेनचं इंजिन आहे, बेल्टसारखी बदलायची भानगड नाही, आयुष्यभर बघायला नको. पण रोज सकाळी पहिला सेल्फ मारला की पुढून खडखडखड आवाज येतो, दोन-तीन सेकंद, मग एकदम गप्प, दिवसभर परत येत नाही. मित्र म्हणतो डिझेलला एवढं चालायचंच. काळजी करू का?

उत्तर : घाबरू नका, पण मित्राचं ऐकून सोडूनही देऊ नका. ती दोन-तीन सेकंदं म्हणजे चेन तुमच्याशी बोलतेय, आणि बहुतेक वेळा ती एवढंच बोलते, नंतर सरळ तुटते नाहीतर स्प्रॉकेटचा, म्हणजे ज्या दातेरी चाकावर ती फिरते त्याचा, दात सोडते.

आत काय होतं ते आधी बघा म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. खाली क्रँक फिरतो, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, वर कॅम फिरतो, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक व्हायला हवा, आणि हे गणित सांभाळायचं काम चेनचं. इंजिन ३,००० आरपीएमला असताना क्रँक सेकंदाला ५० फेरे घेतो आणि कॅम २५, म्हणजे एवढ्या वेगात व्हॉल्व्ह खाली येणार आणि पिस्टन वर येणार आणि दोघांनी एकमेकांना चुकवायचं. बहुतेक सगळ्या आजच्या डिझेल इंजिनांत दोघांमध्ये अंतर इतकं कमी असतं की वेळ चुकली तर पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आपटतो, व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं, कधी कधी पिस्टनपण जातो.

ही चेन ताणून धरतो टेन्शनर. तो म्हणजे एक छोटा दट्ट्या, इंजिन ऑइलच्या प्रेशरने बाहेर येतो आणि गाइडच्या, म्हणजे चेन जिच्यावरून घसरत जाते त्या प्लास्टिकच्या पट्टीच्या, पाठीला रेटा देतो. रात्रभर गाडी उभी राहिली की टेन्शनरमधलं ऑइल हळूहळू उतरून जातं, सकाळी सेल्फ मारल्यावर पंपाने प्रेशर बनवेपर्यंत दट्ट्या मऊ असतो, आणि तेवढ्यात चेन सैल असेल तर ती गाइडवर नाहीतर कव्हरवर आपटत फिरते. तीच तुमची खडखड. प्रेशर आलं की टेन्शनर चेन दाबून धरतो आणि आवाज बंद. म्हणजे आवाज बंद झाला याचा अर्थ चेन बरी झाली असा नाही, सैलपणा झाकला गेला एवढाच.

चेन 'ताणली' असं सगळे म्हणतात, मीपण म्हणतो, पण लोखंड रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक सांध्यातली पिन आणि बुश घासतात. समजा चेनमध्ये १५० सांधे आहेत आणि प्रत्येक सांधा फक्त ०.०२ मिमी घासला, तर पूर्ण चेन ३ मिमी लांब झाली. डोळ्याला एकाही सांध्यात काही दिसणार नाही. घासायचं कारण बहुतेक वेळा ऑइल. डिझेलची काजळी ऑइलमध्ये उतरते, ती बारीक असली तरी खरखरीत असते आणि या पिनांमध्ये पॉलिश पेपरसारखं काम करते.

आता ५२,००० किमीवर येऊ. मोटरहोमच्या बाबतीत कमी किलोमीटर ऐकून खूश होऊ नका. अकरा वर्षांत ५२,००० म्हणजे वर्षाला पाच हजारसुद्धा नाही, गाडी वर्षातले कितीतरी महिने उभी, मधूनच छोटे छोटे फेरे, बॅटरी चार्ज करायला तासन् तास नुसतं इंजिन चालू ठेवलेलं, ते तास तर किलोमीटरमध्ये येतच नाहीत. आणि बऱ्याच मालकांचा हिशोब असा की ऑइल बदलायचे किलोमीटर झालेच नाहीत तर बदलायचं कशाला. त्यामुळे एकच ऑइल तीन तीन, चार चार वर्षं आत. गाडी रोज चालवून २ लाख किमी केलेल्या कुरिअर व्हॅनची चेन अशा गाडीपेक्षा चांगली निघालेली मी पाहिलीय.

तुम्ही करा असं. आधी सर्व्हिसचे कागद काढा आणि शेवटचं ऑइल कधी बदललं ती तारीख बघा, किलोमीटर नको, तारीख. वर्षाच्या वर झालं असेल किंवा कागदच नसतील तर इंजिनच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल आणि चांगल्या कंपनीचा फिल्टर टाका. फिल्टरवर मी मुद्दाम जोर देतोय. ऑइल परत खाली उतरू नये म्हणून एक व्हॉल्व्ह असतो, काही इंजिनांत तो फिल्टरमध्येच, काहींत फिल्टरच्या हाउसिंगमध्ये. स्वस्तातल्या फिल्टरचा हा व्हॉल्व्ह नीट बसत नाही, रात्रीत सगळं ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या टाकीत, उतरतं आणि चांगली चेनसुद्धा सकाळी खडखडते. मग चारपाचशे किलोमीटर चालवा आणि परत पूर्ण थंड इंजिनवर ऐका, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा, आधीचा पण आणि नंतरचा पण, कारण कान आठवड्याभरात विसरतात. आवाज गेला तर उत्तम. तसाच राहिला किंवा लांबला तर पुढे ढकलू नका, चेन मोजून घ्या. मोजतात कशी ते पुढच्या उत्तरांत आहे.

जुना फिल्टर टाकून देऊ नका. कापून कागद उघडा, उन्हात धरा. बारीक चमक दिसली तर धातू झिजतोय. तपकिरी नाहीतर काळ्या प्लास्टिकचे बारीक तुकडे दिसले तर ते गाइडचे, आणि मग प्रश्न चेनपुरता राहत नाही, कारण त्यातले मोठे तुकडे चेंबरमधल्या ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात, जाळी तुंबली की प्रेशर कमी, आणि प्रेशर कमी की टेन्शनर अजून मऊ, एकातून दुसरं.

प्रश्न : माझ्या गाडीत चेन आहे का बेल्ट हेच कळेना. एक जण म्हणतो बेल्ट, दुसरा म्हणतो चेन, पुस्तक मिळालं नाही. कसं ओळखू?

उत्तर : मोटरहोमच्या अंगावर लिहिलेलं नाव विसरा, ते घर बांधणाऱ्याचं. खालची गाडी कुठली आणि तिच्यात इंजिन कुठलं ते बघा, कारण एकाच मॉडेलमध्ये दोन्ही असतात. फियाट डुकाटोच बघा ना, २.३ लिटरला बेल्ट आणि ३.० लिटरला चेन, बाहेरून गाड्या सारख्याच. मर्सिडीज स्प्रिंटरच्या २.१ लिटर ओएम ६५१ ला चेन आहे पण ती इंजिनच्या मागच्या बाजूला, फ्लायव्हीलकडे (गिअरबॉक्सच्या बाजूचं जड चाक), म्हणजे काम काढायचं तर गिअरबॉक्स नाहीतर इंजिनच उतरवावं लागतं. त्यांच्याच व्ही ६ ओएम ६४२ लापण चेन. फोर्ड ट्रान्झिटच्या २.२ आणि २.४ टीडीसीआयला चेन, पण २०१६ ला आलेल्या २.० इकोब्लूला ऑइलमध्ये भिजत फिरणारा बेल्ट, त्याचं दुखणं वेगळं, त्याला चुकीचं ऑइल टाकलं तर बेल्टच सुटायला लागतो. रेनॉ मास्टरच्या २.३ डीसीआयला चेन, आधीच्या २.५ ला बेल्ट. अमेरिकन मोटरहोममध्ये दिसणाऱ्या फोर्डच्या ६.८ लिटर व्ही १० पेट्रोलला चेन.

सगळ्यात खात्रीचं म्हणजे चेसिस नंबर आणि इंजिनवर ठोकलेला कोड घेऊन कंपनीच्या पार्ट्स काउंटरला विचारणं. डोळ्यांनी बघायचं तर साधारण असं की बेल्टवर प्लास्टिकचं हलकं, कोरडं कव्हर असतं, चेनवर धातूचं, बोल्ट आणि सीलंटने बंद केलेलं, कारण आत ऑइल असतं. पण भिजता बेल्टही अशाच कव्हरमागे असतो, म्हणून नुसत्या कव्हरवर विश्वास नको.

प्रश्न : मोटरहोम सहा महिने उभी असते. इंजिन जाम होऊ नये म्हणून मी दर पंधरा दिवसांनी दहा मिनिटं चालू करून बंद करतो. बरोबर करतोय ना?

उत्तर : तुमची माया कळते पण यात फायद्यापेक्षा तोटा जास्त आहे. दहा मिनिटं जागेवर चालवून डिझेल इंजिन नीट तापतच नाही. आत धरलेली वाफ पाणी होऊन ऑइलमध्ये उतरते, न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली येतं, आणि दर वेळी थंड सेल्फचे ते पहिले कोरडे सेकंद चेनला सोसावे लागतात. सहा महिन्यांत बारा वेळा. त्यापेक्षा उभी करायच्या आधी ऑइल आणि फिल्टर बदला, म्हणजे आम्ल आणि पाणी धरलेलं जुनं ऑइल बेअरिंगवर आणि चेनवर बसून राहणार नाही, आणि मग तिला शांत झोपू द्या. चालवायचीच असेल तर रस्त्यावर काढा, तास-पाऊण तास चांगली तापवून आणा.

ऑइलची पट्टी मात्र बघत जा. लेव्हल कमी होणं लोकांना कळतं, वाढलेली लेव्हल कोणी बघत नाही. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या गाडीत रीजनरेशन, म्हणजे ती काजळी जाळून टाकायचं काम, अर्धवट राहिलं की जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये येतं, ऑइल पातळ होतं आणि लेव्हल वर चढते. पट्टीवरचं ऑइल बोटांत चोळून बघा, डिझेलचा वास आला तर तारीख कितीही ताजी असो, ऑइल बदला.

सहा महिन्यांनी पहिल्यांदा चालू करताना एक्सलेटरला पाय लावू नका. ऑइलचा लाल दिवा विझू द्या, अर्धा-एक मिनिट स्लोवर राहू द्या, मग हळू निघा. थंड इंजिन रेस करून 'मोकळं करायची' सवय असलेल्या माणसाला किल्ली देऊ नका, मग तो घरचा का असेना.

आणि उतारावर उभी करताना नुसती गिअरमध्ये टाकून सोडू नका. हँडब्रेक पूर्ण ओढा, चाकांखाली ठोकळे लावा. साडेतीन टनांचं धूड गिअरवर रेललं आणि इंजिन उलट्या दिशेने थोडं जरी ढकललं गेलं, तर बिनप्रेशरच्या टेन्शनरवर सगळा ताण येतो, आणि झिजलेली चेन अशा वेळी दात सोडू शकते. ढकलस्टार्टसुद्धा याच कारणाने नको, क्लच सोडताच बसणारा हिसका थेट चेनला बसतो.

प्रश्न : सर, चेन वाजते हे नक्की झालंय. एक गॅरेज म्हणतं फक्त टेन्शनर बदला, अर्ध्या दिवसाचं काम. दुसरं म्हणतं पूर्ण किट आणि इंजिन खाली घ्यावं लागेल. तिसऱ्याने सांगितलं की इंजिन न उघडता जुन्या चेनला नवी जोडून आत ओढून घेऊ. तिघंही अनुभवी वाटतात. कोणाचं ऐकू?

उत्तर : तिघंही खोटं बोलत नाहीत, म्हणूनच जरा निवांत सांगतो.

आधी त्या तिघांपैकी कोणी मोजलं का ते विचारा. नुसतं ऐकून चेनचा निकाल देऊ नये, कारण असाच आवाज करणारी बरीच मंडळी शेजारीच राहतात. अल्टरनेटरची फ्रीव्हील पुली, बेल्टचा बाहेरचा टेन्शनर, व्हॅक्यूम पंप, सुटलेलं हीट शील्ड. फ्लायव्हीलचा खडखडाट तर चेनसारखाच वाटतो, विशेषतः ज्या इंजिनात चेन मागे असते तिथे. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर संशय फ्लायव्हील-गिअरबॉक्सवर जातो. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाच्या हाडाला लावून टोक कव्हरवर ठेवलं की आवाज कुठून येतो ते अगदी स्पष्ट कळतं, फक्त फिरत्या बेल्टपासून बाही आणि केस लांब ठेवायचे.

मग मोजणी. चांगल्या स्कॅनरवर कॅम आणि क्रँकमधला फरक अंशांत दिसतो, त्या इंजिनाची हद्द किती ते कंपनीच्या माहितीत असते. दुसरं, टेन्शनर काढून किंवा त्याच्या बाजूच्या झाकणातून बघायचं की दट्ट्या किती बाहेर आलाय. पूर्ण बाहेर आला असेल तर त्याच्याकडे द्यायला काही उरलेलं नाही. तिसरं, क्रँक आणि कॅमला लॉक करायच्या पिना असतात, क्रँकची पिन बसते आणि कॅमची बसत नाही असं झालं तर चेन लांबलीय.

आता पहिलं गॅरेज. नुसता टेन्शनर बदलणं तेव्हाच योग्य जेव्हा मोजणीत चेन हद्दीत आहे आणि टेन्शनरच्या आतला व्हॉल्व्ह ऑइल धरत नाही. चेन लांबलेली असताना नवा टेन्शनर टाकला तर आवाज जातो, तुम्ही खूश होता, आणि चेन तशीच झिजत राहते, आता तर न बोलता. मला ही दुरुस्ती बिलकुल आवडत नाही, कारण ती सूचना देणारा आवाजच बंद करते.

तिसऱ्या गॅरेजची पद्धत खरी आहे, काही इंजिनांवर, मर्सिडीजच्या बऱ्याच डिझेलवर, मान्यताप्राप्तच आहे. वरचं कव्हर काढतात, जुन्या चेनची एक कडी तोडतात, तिला नवी चेन तात्पुरत्या कडीने जोडतात, आणि एक जण खालून पान्याने क्रँक हळू फिरवतो, दुसरा जुनी बाहेर घेत नवी आत सोडतो, दोन्ही टोकं सतत ताणलेली. शेवटी नवी कडी खास प्रेसने रिव्हेट करतात. हे काम एकट्याने करायचं नाही. मी स्वतः असं काम उभं राहून पाहिलंय, चेनच्या खड्ड्याभोवती सगळीकडे फडकी कोंबलेली, कारण कडीचा एक तुकडा जरी खाली पडला तरी चेंबर काढावं लागतं, आणि क्रँक फिरवणारा माणूस तोंडाने फेरे मोजत होता, दुसरा 'थांब' म्हटल्यावर पाना जिथल्या तिथे धरून थांबायचा. रिव्हेट झाल्यावर त्याने डोक्याची रुंदी मोजली, बोटांनी कडी वाकवून बघितली, मगच पुढे गेला. असा माणूस असेल तर ही पद्धत चांगली. पण यात गाइड जुनेच राहतात आणि स्प्रॉकेटचे दातपण जुनेच. गाडी दहा-बारा वर्षांची असेल, गाइडचं प्लास्टिक कडक होऊन पिवळं-तपकिरी पडलं असेल किंवा फिल्टरमध्ये तुकडे मिळाले असतील तर नवी चेन जुन्या गाइडवर घालून काय मिळवलं?

म्हणून मोजणीत चेन हद्दीबाहेर आणि गाडी जुनी असेल तर माझं मत दुसऱ्या गॅरेजच्या बाजूने. किट म्हणजे चेन, टेन्शनर, सगळे गाइड, स्प्रॉकेट, सील आणि गॅस्केट, आणि एकदाच वापरायचे बोल्ट. हे बोल्ट टॉर्क देऊन वर अमुक अंश फिरवून घट्ट करतात, ते एकदा ताणले गेले की परत वापरायचे नाहीत, आणि जुनेच बोल्ट लावणारा मेकॅनिक कितीही गोड बोलला तरी त्याला थांबवा. पार्ट्सपेक्षा मजुरी जास्त होते कारण मोटरहोमचं बॉनेट आखूड, अर्धं इंजिन डॅशबोर्डच्या खाली, काही गाड्यांत ते खालूनच काढावं लागतं, शिवाय लांबी, उंची आणि वजन झेपेल असा लिफ्ट प्रत्येक गॅरेजकडे नसतो. हे आधीच विचारून घ्या, गाडी दारात अडकल्यावर नको. एवढं उघडलंच आहे तर वॉटर पंप, क्रँकची पुढची सील आणि ऑइल पंपाची वेगळी चेन असेल तर तीपण त्याच वेळी, आणि चेंबर उतरवून जाळी धुऊन घ्या. जाळी न बघता केलेलं चेनचं काम मी अर्धं समजतो.

बंद करायच्या आधी इंजिन हाताने, पान्याने, सरळ दिशेने क्रँकचे पूर्ण दोन फेरे फिरवून पिना परत बसतात का ते बघायचं. कुठेही अडलं तर जोर लावायचा नाही, व्हॉल्व्ह पिस्टनला लागलाय असं समजायचं. इथे नवीन मुलं एका गोष्टीला घाबरतात, की चेनवरच्या रंगीत कड्या दोन फेऱ्यांनंतर खुणांवर येत नाहीत. त्या येणारच नाहीत, चेनच्या कड्या आणि स्प्रॉकेटचे दात यांचं गणित जुळून यायला बरेच फेरे लागतात. रंगीत कड्या फक्त बसवताना बघायच्या, नंतर स्प्रॉकेटच्या खुणा आणि पिना. आणि टेन्शनरची अडकवण पिन (बसवताना दट्ट्या आत दाबून ठेवते ती) काढली का ते दोघांनी बघायचं. शेवटी इंधन बंद ठेवून सेल्फवर इंजिन फिरवून आधी ऑइलचं प्रेशर आणायचं, दहा दहा सेकंदच, मध्ये सेल्फला गार होऊ द्यायचं, मगच चालू करायचं.

काम झालं की जुने पार्ट्स मागून घ्या, तो तुमचा माल आहे. जुनी आणि नवी चेन एकाच खिळ्याला लटकवून खालची टोकं बघा, फरक डोळ्याला दिसतो. किंवा आडवी धरा, सांध्यांच्या पिना उभ्या राहतील अशी, नवी चेन काठीसारखी बरीच सरळ राहते आणि झिजलेली धनुष्यासारखी वाकते.

प्रश्न : चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी ००१६ आला. गाडी मस्त चालतेय, घर अजून ४०० किमी आहे. चालवत जाऊ?

उत्तर : नका जाऊ. पी ००१६ म्हणजे क्रँक आणि कॅमच्या सेन्सरचं एकमेकांशी जुळत नाही. कारण दर वेळी चेनच असतं असं नाही, सेन्सर, वायर, कनेक्टरमध्ये गेलेलं ऑइल, पेट्रोल इंजिनात कॅमची वेळ मागेपुढे करणारा व्हेरिएबल फेजरसुद्धा असू शकतो. पण यातली एक शक्यता अशी आहे की चेनने एक दात सोडलाय. समजा क्रँकच्या स्प्रॉकेटला २० दात असतील, तर एक दात सरकला म्हणजे क्रँक १८ अंश चुकला. एका दाताने पुष्कळ इंजिनं चालतात, जरा ओढ कमी, जरा धूर, सकाळी सेल्फ जास्त घेते. दोन-तीन दातांनी व्हॉल्व्ह वाकतात, आणि पुढचा दात कधी सुटेल ते कोणी सांगू शकत नाही. कोडसोबत खडखड असेल, सेल्फ लांबला असेल तर परत सेल्फसुद्धा मारू नका, ट्रकवर घालून न्या. टो करायला लागलंच तर न्यूट्रलमध्ये, आणि ऑटोमॅटिक असेल तर पुस्तकात बघून.

कोड पुसून परत येतो का बघू, असं गॅरेजवाला म्हणाला तर त्याला आधी कॅम-क्रँकचा लाइव्ह आकडा कागदावर लिहून द्यायला सांगा. सेन्सर एकदा बदलून कोड परत आला तर दुसरा सेन्सर घेऊ नका, कव्हर उघडा.

प्रश्न : मी आणि माझी बहीण मिळून पहिलीच सेकंडहँड मोटरहोम बघायला जातोय. गाडीतलं फारसं कळत नाही. चेनबद्दल तिथे उभ्या उभ्या काय बघता येईल?

उत्तर : ताई, फार कळायची गरज नाही, एकच गोष्ट पक्की धरा. इंजिन थंड असताना पहिला सेल्फ तुमच्यासमोर लागला पाहिजे. फोनवरच सांगा की आम्ही यायच्या आधी गाडी चालू करू नका, आणि पोचल्यावर आधी बॉनेटवर, मग आत इंजिनच्या कव्हरवर हात ठेवा. कोमट लागलं तर त्या दिवशी सौदा नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी या.

हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलोय. एका मालकाने मोठ्या अगत्याने गाडी आधीच 'तापवून' ठेवली होती, म्हणाला तुम्हाला थांबायला नको म्हणून. इंजिन इतकं गोड चालत होतं की मी आतल्या गाद्या आणि फ्रिजच बघत बसलो. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा पूर्ण थंड सेल्फ मारला, आणि पुढून लोखंडी डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज आला. मालकाच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण हात ठेवायचं मी विसरलो होतो हे खरं.

एकीने बॉनेट उघडून पुढे उभं राहायचं, मोबाइल रेकॉर्डिंगवर, दुसरीने आत बसून सेल्फ मारायचा, पाय एक्सलेटरवर नको. अर्ध्या सेकंदाचा किरकोळ आवाज एवढा मनावर घेऊ नका, दोन-तीन सेकंदांची खडखड म्हणजे मोजणी केल्याशिवाय घ्यायची नाही. चालवून आल्यावर परत ऐका, गरम इंजिनवर स्लोला आवाज टिकून असेल तर दुखणं पुढे गेलंय. ऑइलचं झाकण काढून टॉर्च मारा, आतलं लोखंड मधासारखं दिसलं तर ठीक, काळा घट्ट चिखल बसला असेल तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही, मालक काहीही म्हणो. काही इंजिनांत तिथूनच चेन दिसते. आणि कागद मागताना असं विचारा, 'ऑइल कोणत्या तारखांना बदललं?' वर्षाला एक बिल असेल तर तो मालक गाडीची काळजी घेणारा.

प्रश्न : जाड ऑइल टाकल्यावर चेनचा आवाज गेला. आता तेच चालू ठेवू ना?

उत्तर : नाही. जाड ऑइलने गरम इंजिनचा आवाज दबतो, पण थंडीत तेच ऑइल टेन्शनरपर्यंत आणि वर कॅमपर्यंत पोचायला उशीर लावतं, म्हणजे जिथे चेनला सगळ्यात जास्त मार बसतो तिथेच तिला कोरडं ठेवतं. डीपीएफ असेल तर कमी राखेचं, पुस्तकात लिहिलेलं ऑइलच पाहिजे, बहुतेक ५डब्ल्यू-३० आणि एसीइए या युरोपियन मानकातला सी ३ सारखा वर्ग असतो, पण तुमच्या इंजिनाचं पुस्तक सांगेल ते अंतिम. ते ऑइल परत भरा, फिल्टर नवा घाला, वर्षातून एकदा किंवा १०,००० किमीला, जे आधी येईल तेव्हा बदला. पुस्तकात लांबचा पल्ला दिलेला असला तरी मी मोटरहोमला एवढंच धरतो, कारण तो पल्ला रोज लांब धावणाऱ्या व्हॅनसाठी असतो. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनला रडवू नका, एक गिअर खाली घ्या, कमी आरपीएमवर ओझं ओढताना क्रँकचे हिसके चेनला जास्त बसतात. योग्य ऑइलवर आवाज परत आला तर येऊ द्या, रेकॉर्ड करा आणि गाडी मोजणीला न्या.